सीमा ओलांडली की चित्रपट बदलतो

'इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम' या १९८४ च्या चित्रपटात अमरीश पुरी यांनी रंगविलेला मोला राम बळी दिल्या जाणाऱ्या माणसाच्या छातीत हात घालून त्याचे धडधडते हृदय बाहेर काढतो. अमरीश पुरी यांच्या हॉलिवूडमधील कामगिरीचा विषय निघाला की हेच दृश्य आधी आठवते. ब्रिटनमधील प्रेक्षकांच्या एका संपूर्ण पिढीला मात्र ते आठवण्याचे काही कारण नाही. पालकांसमवेत मुलांनाही पाहता यावा असे 'पीजी' प्रमाणपत्र मिळावे म्हणून तेथे चित्रपटातील मिनिटाहून थोडा अधिक भाग कापण्यात आला. ही कापलेली आवृत्तीच पुढे व्हिडिओ कॅसेटवर आली आणि २००३ मध्ये डीव्हीडीवरही तीच आली. खाडीपलीकडे जर्मनीत याच चित्रपटाला १६ वर्षांची वयोमर्यादा लागली आणि दृश्य जागच्या जागी राहिले. ब्रिटनमध्ये संपूर्ण चित्रपटाला १२ वर्षांवरील मुलांसाठीचे प्रमाणपत्र मिळायला २०१२ साल उजाडावे लागले.

एकच चित्रपट, एकच निर्माता, वेष्टनावरचे चित्रही जवळपास एकच. तरीही दोन शेजारी देशांतील तबकड्यांमध्ये निराळा चित्रपट असावा, ही गोष्ट डीव्हीडीच्या भरभराटीच्या काळात हौशी संग्राहकांच्या लक्षात प्रथम आली. दोन्ही तबकड्या शेजारी ठेवून लांबी, रंग, ध्वनी, उपशीर्षके आणि गाळलेली दृश्ये यांची तुलना करण्याचा एक छंदच त्यातून जन्मला. वरवर पाहता हा छंद किरकोळ वाटेल. पण आपण पाहिला तो चित्रपट दिग्दर्शकाने केला तोच होता का, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा या तुलनेतूनच मिळाले.

डीव्हीडी जपानमध्ये नोव्हेंबर १९९६ मध्ये आणि अमेरिकेत १९९७ मध्ये बाजारात आली. त्या काळी हॉलिवूडचा चित्रपट सर्व जगात एकाच दिवशी प्रदर्शित होत नसे. अमेरिकेत तबकडी विक्रीला आली तेव्हा युरोपातील चित्रपटगृहांत चित्रपट लागायचाच असे. अमेरिकेतून मागवलेली तबकडी घरी आल्यावर तिकीट कोण काढणार, ही स्टुडिओंची चिंता. म्हणून जगाचे सहा विभाग पाडण्यात आले आणि एका विभागाची तबकडी दुसऱ्या विभागाच्या यंत्रावर चालू नये अशी कुलपे घातली गेली. अमेरिका व कॅनडा पहिल्या विभागात; पश्चिम युरोप, जपान, मध्यपूर्व आणि दक्षिण आफ्रिका दुसऱ्यात; हाँगकाँग, तैवान, दक्षिण कोरिया आणि आग्नेय आशिया तिसऱ्यात; ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व लॅटिन अमेरिका चौथ्यात; भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका, रशिया आणि आफ्रिकेचा बराचसा भाग पाचव्यात; चीन एकटाच सहाव्यात. सातवा क्रमांक राखीव आणि आठवा विमाने व जहाजांसाठी. भारतीय बाजारात मिळणारे बहुतेक स्वस्त प्लेअर यातला कुठलाच क्रमांक जुमानत नसत, ही गोष्ट वेगळी.

हे कुलूप शेजारी देशांमधील सर्व फरकांचा खुलासा करते असे मानण्याची चूक मात्र करू नये. हाँगकाँगहून पलीकडे शेन्झेनला गेले की विभाग तीनचा सहा होतो, फिनलंडहून रशियात गेले की दोनचा पाच होतो, हे खरेच. पण ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रिया हे सगळे एकाच विभागात येतात. कुलूप एक, किल्ली एक, दूरचित्रवाणीची पद्धतही ढोबळमानाने एकच. तरीही तबकड्या निराळ्या. म्हणूनच खरी गंमत युरोपात आहे.

तुलना करणारा नवखा माणूस पहिली ठेच खातो ती लांबीवर. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींच्या गतीने चालतो. युरोपात आणि भारतात रूढ असलेली 'पाल' पद्धत सेकंदाला २५ चौकटी दाखवते. त्यामुळे पाल तबकडीवर चित्रपट सरळ चार टक्के जलद पळवला जात असे. शंभर मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो, त्यात एकही चौकट गाळलेली नसते. सुमारे २२४ मिनिटांचा 'लगान' या हिशेबाने २१५ मिनिटांत आटोपेल. अमेरिका व जपानमधील 'एनटीएससी' पद्धतीत काही चौकटी पुन्हा दाखवून मूळ लांबी राखली जाते. तेथे चित्र मात्र ४८० ओळींचे, तर पालमध्ये ५७६ ओळींचे. म्हणजे एका बाजूला अधिक रेखीव चित्र आणि दुसऱ्या बाजूला खरी गती, असा हा सौदा. गती वाढली की आवाजाची पट्टीही चढते, सुमारे पाऊण अर्धस्वराने. षड्जाने कोमल ऋषभाकडचे बहुतेक अंतर चालून जावे, इतका हा फरक असतो. ज्यांचे कान तयार आहेत त्यांना ओळखीचे गाणे अशा तबकडीवर उपरे वाटे, ते उगाच नाही. काही कंपन्या पट्टी दुरुस्त करून देत, बहुतेक देत नसत.

हिंदी चित्रपटांच्या निर्यातीच्या तबकड्या या कचाट्यातून सहसा सुटल्या. भारत पाल देश असूनही त्या मुख्यतः एनटीएससी पद्धतीने आणि कुठल्याही विभागाच्या कुलुपाविना निघत. न्यू जर्सीतले घर आणि लंडनमधले घर या दोहोंना एकाच तबकडीत सांभाळायचे होते. पाल देशांतली बहुतेक यंत्रे एनटीएससी चालवून घेत, उलट मात्र क्वचित घडे. व्यापाराची सोय होती आणि तिच्यातून गाण्यांची मूळ पट्टी वाचली.

भाषेचा फरक याहून ठळक. जर्मनी, फ्रान्स, इटली आणि स्पेन हे देश परदेशी चित्रपट प्रामुख्याने डबिंग करून पाहतात. नेदरलँड्स आणि स्कँडिनेव्हियात उपशीर्षके वाचण्याची सवय आहे. साहजिकच उत्तरेकडे एकाच तबकडीवर स्वीडिश, नॉर्वेजियन, डॅनिश आणि फिनिश उपशीर्षके असत आणि वेष्टनाच्या मागील बाजूस चार भाषांतील मजकूर दाटीवाटीने बसवलेला असे. डीव्हीडीवर आठ ध्वनिपट्ट्या आणि ३२ उपशीर्षके मावतात. परंतु प्रत्येक नव्या ध्वनिपट्टीची जागा अखेर चित्राच्याच वाट्यातून जाते. पाच भाषांत बोलणाऱ्या तबकडीचे चित्र एका भाषेतील तबकडीपेक्षा फिके का, याचे उत्तर अनेकदा एवढेच असे.

फ्रान्सची एक खोड संग्राहकांना फार छळत असे. तेथील अनेक तबकड्यांवर मूळ इंग्रजी ध्वनी निवडला की फ्रेंच उपशीर्षके आपोआप उमटत आणि काही केल्या हटत नसत. यात तांत्रिक अडचण कसलीच नव्हती, होती ती हक्कांची वाटणी. ज्या कंपनीकडे केवळ फ्रान्सपुरते हक्क आहेत तिची तबकडी इंग्रजी प्रेक्षकाने ब्रिटनमध्ये मागवू नये, यासाठीचा तो अडसर. फ्रान्सचा दुसरा अडसर कायद्याचा. चित्रपटगृहात प्रदर्शित झालेला चित्रपट व्हिडिओवर किती काळाने यावा याचे वेळापत्रक तेथे सरकारी नियमांनी बांधलेले आहे. पूर्वी ही मुदत सहा महिन्यांची होती, २००९ मध्ये ती चार महिन्यांवर आली. चित्रपटगृहे जगवण्याच्या या धोरणाचे भारतातील एकपडदा चित्रपटगृहांच्या मालकांना कौतुक वाटेल. रसिकांना मात्र शेजारच्या देशात आधी निघालेली तबकडी खुणावत राहत असे.

सर्वांत बोलका नमुना जर्मनी आणि ऑस्ट्रियाचा. भाषा एक, डबिंग एक, पुष्कळदा वितरकही एकच. तरीही भयपट आणि हाणामारीच्या चित्रपटांचे जर्मन चाहते वर्षानुवर्षे ऑस्ट्रियातून तबकड्या मागवत आले. जर्मनीच्या राज्यघटनेत सेन्सॉरशिपला मज्जाव आहे. प्रौढांनी काय पाहावे हे सरकार ठरवत नाही, असा तेथील दावा. व्यवहार मात्र बालसंरक्षण कायद्याच्या आधारे चालतो. १९४९ मध्ये स्थापन झालेली वीसबाडेनची 'एफएसके' ही संस्था ०, ६, १२, १६ आणि १८ अशा वयोमर्यादा ठरवते. जिला यापैकी कोणतीही मर्यादा मिळत नाही ती तबकडी १९५४ पासून काम करणाऱ्या संघराज्याच्या परीक्षण कार्यालयाच्या सूचीत जाण्याचा धोका असतो. सूचीत गेलेल्या तबकडीवर बंदी नसते. पण तिची जाहिरात करता येत नाही, ती दुकानात उघड मांडता येत नाही, ग्राहकाने विचारले तरच गल्ल्याखालून काढून द्यायची. जे दिसतच नाही ते विकत कोण घेणार? त्यामुळे वितरक आपणहून कात्री चालवत आणि एकाच चित्रपटाच्या दोन-तीन आवृत्त्या निघत. सोळा वर्षांवरील मुलांसाठी बरीच कापलेली, अठरा वर्षांवरील ग्राहकांसाठी थोडी कापलेली, आणि केवळ विधिज्ञांच्या समितीने 'फौजदारी आक्षेप नाही' असा शेरा दिलेली संपूर्ण आवृत्ती. सिल्व्हेस्टर स्टॅलोनचा २००८ मधील 'जॉन रॅम्बो' जर्मन चित्रपटगृहांत प्रौढांसाठीही कापूनच दाखवला गेला. ऑस्ट्रियात तो संपूर्ण मिळत होता.

ऑस्ट्रियात अशी देशव्यापी सूचीच नाही. बालसंरक्षण हा तेथे नऊ प्रांतांचा विषय आहे आणि केंद्रीय पातळीवरील समिती देते ती वयाबाबतची शिफारस. जर्मनीत जे विकणे जोखमीचे ते सीमेच्या पलीकडे दुकानाच्या फळीवर उघड ठेवता येई. या फटीचा फायदा घेऊन केवळ जर्मन ग्राहकांसाठी ऑस्ट्रियात तबकड्या काढणाऱ्या छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या. मर्यादित प्रती, देखणी वेष्टने आणि वर ठळक अक्षरांत 'न कापलेली' अशी द्वाही. काय गाळले याची सेकंदनिहाय नोंद ठेवणाऱ्या हौशी जर्मनांनी तर या विषयाला जवळपास शास्त्राचे रूप दिले.

सॅम रेमी यांच्या 'द ईव्हिल डेड' या १९८१ च्या भयपटाची कथा या संदर्भात सविस्तर सांगण्याजोगी. जर्मनीत १९८४ मध्ये या चित्रपटाच्या प्रती जप्त झाल्या. दंडसंहितेचे कलम १३१ माणसांवरील क्रौर्याचे उदात्तीकरण करणाऱ्या चित्रणाला शिक्षा सांगते. प्रकरण कार्ल्सरूहे येथील घटनात्मक न्यायालयापर्यंत पोचले आणि १९९२ मध्ये न्यायालयाने एक मार्मिक मुद्दा मांडला. कायद्यात 'माणूस' असे लिहिले आहे. पडद्यावर ज्यांची खांडोळी होते ती प्रेते व पिशाचे आहेत. कायद्यातील शब्द इतका ताणता येणार नाही. संसदेने यावर काय करावे? २००४ मध्ये कलमात 'माणसांसारखे प्राणी' असे शब्द घातले. पडद्यावरील भुतांना दंडसंहितेचे संरक्षण मिळाल्याचे असे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल. संपूर्ण आवृत्तीवरील जप्ती २०१६ मध्ये उठली आणि पुढच्याच वर्षी तिला १६ वर्षांवरील मुलांसाठीचे प्रमाणपत्र मिळाले. जे तीन दशके प्रौढांनाही घातक होते ते एकाएकी दहावीतल्या मुलांना चालण्याजोगे ठरले. ब्रिटनमध्येही हा चित्रपट खटल्यांत सापडला होता. तेथे १९९० मध्ये कापलेली आणि २००१ मध्ये संपूर्ण आवृत्ती संमत झाली. म्हणजे पंधरा-सोळा वर्षे असा काळ गेला की लंडनच्या दुकानात राजरोस मिळणारी तबकडी बर्लिनमधील दुकानदाराने विकली तर तो गुन्हा ठरे. विकत घेऊन घरी ठेवणाऱ्या प्रौढावर मात्र कारवाई नव्हती.

हे सारे युरोपीय संघाच्या मुक्त बाजारपेठेत कसे बसते, हा प्रश्न कोणी तरी विचारणारच होते. जपानी ॲनिमेशनपटांच्या काही तबकड्यांना ब्रिटिश मंडळाने १५ वर्षांवरील प्रेक्षकांसाठीचे प्रमाणपत्र दिले होते. आव्हिडेस मीडिया या जर्मन कंपनीने त्या ब्रिटनमधून आणून टपालाने जर्मनीत विकल्या. वेष्टनावर जर्मन शिक्का नव्हता. डायनॅमिक मेडियन या प्रतिस्पर्धी कंपनीने कोब्लेंझच्या न्यायालयात धाव घेतली आणि तेथून प्रश्न लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेला. शेजारच्या देशाने तपासून दिलेली तबकडी पुन्हा तपासणे हा व्यापारातील अडथळा नव्हे काय? १४ फेब्रुवारी २००८ रोजी न्यायालयाने निकाल दिला. अडथळा आहे, पण मुलांच्या संरक्षणासाठी तो समर्थनीय ठरतो. कोणत्या वयाला काय योग्य याची कल्पना प्रत्येक देशाची निराळी असू शकते. अट एवढीच, की तपासणीची पद्धत सहज उपलब्ध असावी, वाजवी मुदतीत पूर्ण व्हावी आणि नकार मिळाल्यास न्यायालयात दाद मागता यावी. चीज आणि मोटारी एका शिक्क्यावर सर्व संघात फिरतात. चित्रपटाच्या तबकडीला मात्र प्रत्येक दारात नव्याने ओळख द्यावी लागेल, हे त्या दिवशी कायद्याने पक्के झाले. निकाल तर्काला धरून होता. लहान वितरकांना मात्र तो महागात पडला, कारण प्रत्येक देशातील तपासणीचे शुल्क वेगळे भरावे लागते आणि हजारभर प्रतींच्या विक्रीत ते भरून निघत नाही.

त्याच वर्षी जर्मनीने वयोमर्यादेचा शिक्का वेष्टनाच्या दर्शनी भागावर किमान १२०० चौरस मिलिमीटर आकाराचा असावा असे बंधन घातले. संग्राहक संतापले, नावाजलेल्या चित्रांच्या कोपऱ्यात निळे-तांबडे चौकोन येऊन बसले. वितरकांनी शोधलेला तोडगा भारतीय माणसालाही सुचला असता. वेष्टनाचा कागद दोन्ही बाजूंनी छापायचा. दुकानात शिक्क्याची बाजू, घरी गेल्यावर उलटून बिनशिक्क्याची.

ब्रिटिशांच्या काटेकोरपणाचीही एक फजिती नोंदवायला हवी. प्रत्येक व्हिडिओला प्रमाणपत्र सक्तीचे करणारा १९८४ चा कायदा युरोपीय आयोगाला रीतसर कळवलाच गेला नव्हता, ही गोष्ट २००९ च्या ऑगस्टमध्ये उघड झाली. म्हणजे पाव शतकभर ज्या कायद्याखाली खटले चालले तो अमलात आणण्याजोगा नव्हताच. जानेवारी २०१० मध्ये तोच कायदा घाईने पुन्हा संमत करण्यात आला. तेथील १९३७ चा दुसरा एक कायदा मात्र अभंग आहे. चित्रीकरणात प्राण्याला खरोखर क्रूरपणे वागवले असेल तर ते दृश्य ब्रिटनमध्ये दाखवता येत नाही, दिग्दर्शक कितीही थोर असो. जेम्स कॅमेरून यांच्या 'द अबिस'मधील द्रवात बुडवलेल्या उंदराचे दृश्य याच कारणास्तव तेथे गाळले गेले. शेजारच्या देशांत ते होते.

आशियात फरकांचे स्वरूप निराळे. चीनमध्ये वयानुसार वर्गीकरणच नाही. जे संमत होते ते सर्वांसाठी, म्हणून सर्वांसाठीच कापले जाते. हाँगकाँगचा 'इन्फर्नल अफेअर्स' हा २००२ मधील चित्रपट पोलिस दलात घुसलेला गुंड मोकळा सुटतो तेथे संपतो. मुख्य भूमीवरील चीनसाठी आणि मलेशियासाठी निराळा शेवट चित्रित करण्यात आला, त्यात त्याला अटक होते. हाँगकाँगच्या डीव्हीडीत हा दुसरा शेवट पुरवणी म्हणून पाहायला मिळे आणि दोन राजवटींच्या नीतिकल्पना एकाच तबकडीवर नांदत. २००७ मध्ये व्हेनिसचा सुवर्णसिंह पटकावणाऱ्या 'लस्ट, कॉशन'मधून दिग्दर्शक अँग ली यांनी चीनसाठी स्वतःच सुमारे सात मिनिटे वगळली. मग मुख्य भूमीवरील रसिक संपूर्ण चित्रपट पाहायला हाँगकाँगला जाऊ लागले.

जपान युरोपबरोबर दुसऱ्या विभागात असूनही एनटीएससी पद्धतीचा. तेथील तबकड्या शेजाऱ्यांच्या मानाने फार महाग असत. क्वेंटिन टॅरंटिनोच्या 'किल बिल'च्या पहिल्या भागातील तलवारबाजीचे दीर्घ दृश्य इतरत्र रक्ताचा लाल रंग दिसू नये म्हणून कृष्णधवल झाले. जपानी आवृत्तीत ते रंगीत आहे. महाग म्हणजे निर्दोष असे मात्र नव्हे. हायाओ मियाझाकी यांच्या 'स्पिरिटेड अवे'ची जपानमधील २००२ ची तबकडी तांबूस छटेमुळे इतकी गाजली की ग्राहक न्यायालयात गेले. कात्री न लावताही चित्रपट बदलतो तो असा.

रशियातील तबकड्यांवर चाचेगिरीची छाया होती. चोरट्या प्रतींना शह देण्यासाठी हॉलिवूडच्या कंपन्या तेथे चित्र नीट स्वच्छ न करता, पुरवण्या न जोडता, केवळ रशियन ध्वनीच्या तबकड्या लवकर बाजारात आणत. चोरांनी त्याच तबकड्यांवर चित्रपटगृहातून टिपलेला इंग्रजी ध्वनी चढवला आणि विभाग पाचच्या नावाने 'आर-फाइव्ह' हा चोरट्या मालाचा एक दर्जाच जगभर रूढ झाला. तो भारताचाही विभाग, हा योगायोग. भारतात मोझर बेअर कंपनीने २००७ मध्ये व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणून पदपथावरच्या विक्रेत्याशी थेट स्पर्धा केली. त्या किमतीत तीन-तीन चित्रपट कोंबलेल्या चोरट्या तबकडीपेक्षा चित्र बरे मिळे. पुरवण्यांची अपेक्षा कोणी करत नसे. २०१८ मध्ये ही कंपनी अवसायनात निघाली.

परदेशी तबकडीचे सर्वांत मोठे देणे भारतीय प्रेक्षकाला मिळाले ते 'शोले'च्या रूपाने. रमेश सिप्पी यांनी चित्रित केलेल्या मूळ शेवटात ठाकूर गब्बरसिंगला खिळे ठोकलेल्या जोड्यांनी ठार मारतो. १९७५ मधील आणीबाणीच्या काळात हा शेवट संमत झाला नाही. पोलिस येऊन गब्बरला ताब्यात घेतात असे नव्याने चित्रण करावे लागले. मूळ आवृत्ती १९९० मध्ये ब्रिटनमध्ये व्हिडिओ कॅसेटवर प्रकटली आणि पुढे इरॉसच्या डीव्हीडीवर २०४ मिनिटांची म्हणून आली. कापलेली आवृत्ती रुंद पडद्याच्या मापात होती, संपूर्ण आवृत्ती चौकोनी चित्रात. दोन्ही गोष्टी एकाच तबकडीवर हव्या असणाऱ्यांनी हताश व्हावे, असाच प्रकार होता. मूळ शेवटासह दुरुस्त केलेली प्रत जून २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारतातील चित्रपटगृहांत लागली. तोपर्यंतची पन्नास वर्षे भारतातील तिकीटबारीवर पैसे मोजणाऱ्याने ठाकूरचा सूड पाहिलेलाच नव्हता.